जुन्या बाजारातला जुळ्या माणसांच्या छापाचा वस्तरा : वापरू, ठेवू की बफ मारून घेऊ?

डायनॅमो_शोधक

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सायकलचा डायनॅमो शोधायला गेलो होतो. डायनॅमो काही मिळाला नाही. एका चादरीवर कुलपं, अडकित्ते, बिनकाट्याची घड्याळं असा पसारा होता, त्यात हा वस्तरा दिसला. दीड हजार सांगितले, नऊशेला दिला. फसलो असेन तर स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

वर्णन करतो. पातं रुंदीला १६ मिमी. पाठ जाड आहे, व्हर्निअरवर ५ मिमीच्या आसपास. पण पाठीपासून खाली पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट होत जातं आणि धारेजवळ इतकं पातळ आहे की हात लावायची भीती वाटते. नखाने हलकं टिचकलं की बारीक टिणण आवाज येतो, बराच वेळ रेंगाळतो. मुठीजवळच्या जाड भागावर शेजारी शेजारी उभी दोन माणसं कोरलेली आहेत, खाली जे. ए. हेंकेल्स. दुसऱ्या बाजूला सोलिंगन, जर्मनी. विकणारा म्हणाला, "सतराशे सालातला माल आहे साहेब." नेटवर पाहिलं तर ती जुळी निशाणी खरंच १७३१ सालची निघाली, म्हणून थोडा हुरळलो आहे.

मूठ पिवळट तपकिरी, अर्धपारदर्शक, कासवाच्या पाठीसारखे डाग असलेली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरं कासव. पात्याचा जो भाग मिटल्यावर मुठीत जातो, बरोबर तेवढ्यावरच काळे बारीक ठिपके आहेत. बाकी पातं स्वच्छ.

आता प्रश्न. एका मित्राच्या ओळखीत भांड्यांना पॉलिश करणारं दुकान आहे. तो म्हणतो, पाच मिनिटांत बफ मारून, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून, आरशासारखा करून देतो. करू का? शिवाय त्याच चादरीवर आणखी एक वस्तरा होता, हस्तिदंती मुठीचा, चार हजार म्हणतोय. येत्या बुधवारी जाऊन घ्यावा का? आणि अशा वस्तऱ्याने आजच्या काळात दाढी करता येते का, की नुसता बघायचा?

नको_ती_चौकशी

दोन रुपयांचं ब्लेड मिळत असताना माणूस नऊशे रुपये देऊन स्वतःचा गळा कापायची सोय करतो, याला हौस म्हणतात. पुढचा धागा "टाके किती दिवसांनी काढतात" असा असेल. बाकी चालू द्या, वाचतोय.

टूलरूमकाका

डायनॅमोवाले, सगळ्यात आधी एक काम करा. त्या बफवाल्या मित्राला चहा पाजा आणि वस्तरा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवा. उरलेलं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता सविस्तर. माझी नोकरी चिंचवडला टूलरूममध्ये झाली, चौतीस वर्षं, त्यातली बहुतेक ग्राइंडिंगवर. वस्तऱ्यांचा नाद १९९४ पासून. आज सत्तावीस आहेत, त्यातले सात-आठ खरोखर चांगले. बाकीचे शिकण्याची फी.

तुमच्या वस्तऱ्याचं मोल त्या जुळ्यांत नाही, मुठीत तर नाहीच नाही. आहे ते पात्याच्या खोलगटपणात. याला हॉलो ग्राउंड म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे पाचरीसारखे असत, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार. पोलाद उत्तम, पण धार गेली की दगडावर घासायला जीव जाई, कारण पाचरीचा मोठा भाग दगडाला टेकतो. खोलगट पात्याचं तसं नाही. दगडावर आडवं ठेवलं की फक्त पाठीची कड आणि धार एवढंच टेकतं, मधलं सगळं अधांतरी. धारेचा कोन ठरवायला वेगळं काही लागत नाही, पाठच कोन ठरवते. तुमच्या मापाने ५ मिमी पाठ आणि १६ मिमी रुंदी म्हणजे कोन साधारण १८ अंश. दाढीच्या वस्तऱ्याला अगदी रास्त.

आता हा खोलगटपणा येतो कसा ते बघा, कारण खरी कारागिरी तिथेच आहे. पातं गोल दगडावर आडवं धरून घासतात, म्हणजे दगडाचा बाक पात्यात उतरतो. दगड जेवढा लहान तेवढी खोली जास्त. १२ मिमी रुंदीच्या पट्ट्यात १०० मिमी व्यासाचं चाक ०.३६ मिमी खोल जाईल. तेच चाक ४० मिमीचं घेतलं की ०.९२ मिमी. तुमच्या पात्याची पाचर मध्यावर अडीच मिमी जाड असती. दोन्ही बाजूंनी मोठ्या चाकाने घासली तर पावणेदोन मिमी उरते, लहान चाकाने पाऊण मिमीसुद्धा नाही. पूर्ण खोलगट पात्यात तर धारेकडे याहूनही पातळ करत नेतात. आणि हे सगळं पोलादाला पाणी दिल्यानंतर. म्हणजे कडक झालेलं पातं, दोन्ही बाजूंनी, नुसत्या हाताच्या दाबावर, डोळ्याच्या आणि बोटाच्या अंदाजावर. पातं धरायला फिक्स्चर नाही, थांबवायला स्टॉप नाही. मी आयुष्यभर मॅग्नेटिक चकवर, म्हणजे काम चुंबकाने घट्ट धरून, मायक्रॉन काढले, पण हे काम मला कोणी सांगितलं असतं तर मी सिक लीव्ह टाकली असती.

आता बफिंग का नको ते कळेल. धारेजवळ लोखंड इतकं कमी आहे की उष्णतेला पळून जायला जागाच नाही. बफला क्षणभर जास्त टेकलं की धार आधी पिवळी, मग निळी. निळी झाली की पाणी उतरलं, मग ते पातं पाकिटं फोडायच्या कामाचं. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९६ मध्ये एक सुरेख स्वीडिश वस्तरा, एस्किल्स्टुनाचा, मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या बफवर धरला. तीन सेकंद. टोकाकडचा पाव इंच निळा. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये वरच ठेवलेला आहे, मुद्दाम. शिवाय बफने पात्याच्या कडा गोलावतात आणि छाप पुसट होतो. विकणारे हेच करून "नव्यासारखा" म्हणून गळ्यात मारतात. ठिपके असलेला चालेल, चकाकणारा संशयास्पद.

पातं कसं पाहायचं ते सांगतो. संध्याकाळी खिडकीजवळ उभे राहा, गजांचं प्रतिबिंब पात्याच्या खोलगट भागात पडू द्या आणि वस्तरा सावकाश कलता करा. चांगल्या ग्राइंडिंगमध्ये गजाची रेघ मुळापासून टोकापर्यंत एकसारखी सरकते. मध्येच वळवळली तर घासणारा कच्चा होता किंवा नंतर कोणीतरी पॉलिशपेपर मारला आहे. पूर्ण खोलगट पात्यात आणखी एक गंमत असते. पाठ आणि धार यांच्यामध्ये किंचित जाड असा एक पट्टा ठेवलेला असतो, म्हणजे खोलगट भाग खरं तर दोन, आणि मध्ये हे पोट. पातळ धार लचकून डगमगू नये म्हणून. तिरप्या उजेडात हा पट्टा दिसतो. तो धारेला समांतर जायला हवा. माझ्याकडे एका फ्रेंच कारखान्याचा वस्तरा आहे, थिएर गावचा, घंटीची निशाणी असलेला. त्याचा पट्टा इतका सरळ आहे की पाहुण्यांना जेवणाआधी दाखवतो. पाहुणे कमी झाले आहेत.

मग पाठ पाहा. दगडावर घासून पाठीच्या दोन्ही कडांवर चपट्या चकाकत्या पट्ट्या पडलेल्या असतील. दोन्ही सारख्या रुंद असल्या तर आधीचा मालक जाणता होता. एक बारीक आणि एक दोन-तीन मिमी रुंद असेल तर त्याने कुरुंदाच्या चाकू-सुऱ्यांच्या दगडावर नुसती एक बाजू रगडली. असा वस्तरा फुकट मिळाला तरच घ्या.

आता सतराशे सालाबद्दल. जुळ्यांची निशाणी १३ जून १७३१ रोजी सोलिंगनच्या कारागिरांच्या संघाकडे नोंदली गेली, हे खरं. पण तुमच्या घराचा दरवाजा सागाचा आहे म्हणून घर सागाच्या झाडाइतकं जुनं होत नाही. खोलगट घासणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात आली. आणि तुमच्यावर "जर्मनी" लिहिलंय, तिथेच उत्तर आहे. देशाचं नाव घालायची सक्ती कायद्याने आली. अमेरिकन संग्राहक १८९१ ची खूण सांगतात, कारण त्यांचा १८९० चा जकात कायदा त्या वर्षी लागू झाला. पण आपल्याकडे आलेला माल अमेरिकेमार्गे थोडाच आला? ब्रिटनचा मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट १८८७ चा, आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानचा १८८९ चा. तेव्हा "१८९० च्या आसपास किंवा नंतर" एवढंच म्हणा. मुठीवरून मला विसाव्या शतकाची पहिली तीस-चाळीस वर्षं वाटतात. सोलिंगनचंच म्हणाल तर त्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, बाहेरचा माल ते नाव लावू शकत नाही.

एक विषयांतर. मुलगी ड्युसेलडॉर्फला असते, २०१७ मध्ये तीन महिने गेलो होतो. तिथून सोलिंगन लोकलने अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनबाहेर पडलो आणि समोर डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस! लहानपणी मुंबईत पाहिलेली, नंतर थेट तिथेच. ग्रेफ्राट नावाच्या भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे, तलवारीपासून काट्या-चमच्यांपर्यंत. आजूबाजूला काळ्या दगडी कौलांनी मढवलेली, हिरव्या झडपांची घरं. मला मात्र त्याहून वुपर नदीकाठचा विप्परकोटन आवडला. कोटन म्हणजे पाणचक्कीवर चालणारी घासणीची शाळ. पाण्याचं चाक, त्यावर पट्टा, पट्ट्यावर दगड, आणि दगडासमोर बसलेला माणूस. तिथल्या कारागिरांपैकी बरेच जण कारखान्यात नसत, घरी किंवा अशा शाळेत उक्त्यावर काम करत. ठोकणारा एक, पाणी देणारा दुसरा, घासणारा तिसरा, मूठ बसवणारा चौथा. आणि या सगळ्यांमध्ये माल डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहायच्या बायका. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या आपल्याकडच्या बायका आठवल्या. घासणाऱ्यांची फुप्फुसं दगडाच्या धुळीने जात, शेफिल्डमध्येही तेच. वस्तरा हातात घेऊन गजांचं प्रतिबिंब बघताना मला हे आठवतं, म्हणून सांगितलं. शेफिल्डवाल्यांनाही खोलगट घासणीसाठी जर्मनांचं पाणी मान्य करावं लागलं होतं. तिकडच्या काही वस्तऱ्यांवर "हँबर्ग ग्राउंड" अशी अक्षरं सापडतात, तीही अभिमानाने कोरलेली.

मुठीकडे वळू. हे तातडीचं आहे, उगाच शेवटी ठेवलं. ते कासव नाही. अंगठ्याने मूठ जोरात चोळा, गरम झाली की हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. त्यात खरोखरच कापूर असतो. गरम सुई टोचून बघण्याचा उद्योग अजिबात करू नका, ते नायट्रोसेल्युलोज आहे, भडका उडतो. आणि ठिपके फक्त मुठीत मिटणाऱ्या भागावर आहेत म्हणजे सेल्युलॉइड कुजायला लागलंय. कुजताना त्यातून आम्लाची वाफ सुटते, ती पातं खाते. एवढंच नाही, शेजारी ठेवलेले दुसरे वस्तरेही खाते. तुमच्यासारख्याच पारदर्शक कासवी मुठी यात सगळ्यात पुढे. माझे तीन वस्तरे एका डब्यात असेच गेले. आज रात्रीच पातं मुठीतून काढा. रिव्हेटचं एका बाजूचं डोकं बारीक कानशीने घासा, पात्याला जाड कापड गुंडाळून. रिव्हेट ढकला, पातं सुटेल. पात्याला शिलाई मशीनचं तेल लावून वेगळं ठेवा.

हस्तिदंताबद्दल एकच. खरा नसेल तर चार हजार पाण्यात. खरा असेल तर गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. खऱ्या कासवाच्या पाठीलाही तोच कायदा. हौसेपायी कोर्टाची पायरी नको.

दाढीचं नंतर. आधी भिंगाने धार पाहा आणि इथे लिहा.

धोकटीवाला_कराड

काका, लई भारी लिहिलंत. आमचं पिढीजात सलून, म्हणून दोन गोष्टी माझ्याही.

आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, चार वस्तरे होते. दोन जाड, दोन हे असले खोलगट. आबा खोलगटाला "गाणारा" म्हणायचे. खुंटावरून फिरला की चर्र असा बारीक आवाज येतो, जाड वस्तरा मुका. आबांचं म्हणणं होतं की गाणारा वस्तरा कारागिराला सांगतो. जिथे खुंट राहिलाय तिथे आवाज वेगळा, जिथे साफ झालं तिथे वेगळा. उतारवयात त्यांना मोतीबिंदू झाला तरी ते दाढी कानाने करायचे असं गावात चेष्टेने म्हणत, पण त्यात तथ्य होतं.

पण काका, एका गोष्टीत माझं तुमच्याशी जमत नाही. तुम्ही पूर्ण खोलगटाला डोक्यावर घेतलंत. धंद्यात तसं नव्हतं. आठ दिवसांची वाढलेली दाढी घेऊन शेतावरून माणूस यायचा, त्याला आबा गाणारा कधीच लावायचे नाहीत. पातळ पातं राठ खुंटावर दबतं, थरथरतं, मग ओढतं. त्याला जाड वस्तरा. रोज किंवा दिवसाआड येणारे मास्तर, बँकेतले साहेब, त्यांना गाणारा. म्हणजे चांगला-वाईट असं नाही, गिऱ्हाईक बघून हत्यार.

दगडापेक्षा चामड्याचा पट्टा महत्त्वाचा. खुर्चीच्या हाताला अडकवलेला असायचा. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. नवशिके इथेच उलटं करतात आणि पट्टा कापतात. परतवताना वस्तरा पाठीवर वळवायचा, धारेवर कधीच नाही. आणि दाढी झाल्यावर ओला वस्तरा मिटायचा नाही. यासाठी मी मार खाल्लाय.

नव्वदच्या आसपास एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या विचारायला लागलं, "ब्लेड नवं आहे ना?" मग अर्धं ब्लेड अडकवायचे वस्तरे आले आणि आबांनी चारही वस्तरे धोकटीत घातले. बरोबरच होतं ते, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी करणं धोक्याचंच. पण खंडेनवमीला धोकटी उघडते. वस्तरे, कातऱ्या, नराणी पाटावर मांडतो, झेंडू वाहतो, तेल लावून परत आत. त्यामुळे अजून एकावरही गंज नाही.

डायनॅमोभाऊ, स्वतःपुरती दाढी करणार असाल तर जरूर करा. फक्त पहिले पंधरा दिवस गालाच्या सपाट भागावरच. हनुवटी आणि गळा घाईत घ्यायचा नाही.

नको_ती_चौकशी

चेष्टा मागे घेतो. हा धागा रात्री साडेबाराला दुसऱ्यांदा वाचला. काका, एक अडाणी प्रश्न. पातं इतकं पातळ, तर मग घासून घासून संपत नाही का?

टूलरूमकाका

प्रश्न अडाणी नाही. संपतं, पण तुमच्या-माझ्या हयातीत नाही. रोजचं काम पट्ट्यावर भागतं, दगड वर्षातून एक-दोनदा, तोही बारीक दाण्याचा. मी ८००० आणि मग १२००० दाण्याचा वापरतो. बेल्जियममधून आणलेला पिवळट कोटिक्यूल आहे, त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, तो सणासुदीला. धारेबरोबर पाठही थोडी झिजते, त्यामुळे कोन जवळपास तोच राहतो. ज्याने हा आकार पहिल्यांदा विचारात घेतला तो माणूस भेटला असता तर पाया पडलो असतो.

कराडकर, तुमचं बरोबर. माझा दृष्टिकोन कपाटातल्या वस्तऱ्याचा, तुमचा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा. अर्ध्या खोलगट, म्हणजे कमी खोल घासलेल्या जाडसर पात्यांवर मी अन्याय केला. माझ्याकडे दोन आहेत आणि खरं सांगायचं तर रोजच्या दाढीला मीही त्यातलाच एक घेतो. थिएरवाला फक्त रविवारी. आणि आबांच्या गाणाऱ्या वस्तऱ्यांवर छाप कुठला आहे ते जमलं तर पाहून सांगा. मात्र त्यासाठी खंडेनवमीपर्यंत थांबा, मधेच धोकटी उघडू नका.

डायनॅमो_शोधक

काका, तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. मित्राला चहा पाजला. मूठ चोळून हुंगली, कापूरच. चोळताना बोटाला किंचित चिकट लागली. रिव्हेट घासायला पाऊण तास गेला, कारण कानस डायनॅमोच्याच बाजारातली. पण पातं न लचकता सुटलं.

खिडकीच्या गजांची चाचणी घेतली. रेघ मुळापासून तीन चतुर्थांशापर्यंत सरळ जाते, टोकाकडे किंचित वळते. पोटाचा पट्टा दिसला! आधी मला तो डागच वाटला होता. पाठीवरच्या चपट्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्या, जेमतेम अर्धा मिमी.

आता वाईट बातमी. शेजारी सोनाराकडे काम करतात, त्यांचं भिंग आणलं. धारेवर टोकापासून साधारण २० मिमीवर एक काळं छिद्र आहे. त्याच्या वर आणखी एक, धारेपासून दीड मिमी आत. उजेडाकडे धरलं तर दुसऱ्यातून आरपार प्रकाश येतो. संपलं का सगळं?

हस्तिदंतवाल्याकडे बुधवारी गेलोच नाही.

टूलरूमकाका

आरपार असेल तर दाढीसाठी संपलं, हो. हिशेब सांगतो म्हणजे चुटपुट राहणार नाही. दोन्ही छिद्रं काढायची तर धार दीड मिमीहून जास्त मागे न्यावी लागेल. पातं १६ चं साडेचौदाच्याही खाली येणार. पाठ तीच ५ मिमी, म्हणजे कोन १८ अंशांवरून २० अंशांवर. तेवढ्याने दाढी अडत नाही. पण आता जिथे कागद आहे तिथे पुठ्ठा येईल. धार पोटाच्या पट्ट्याकडे सरकेल आणि टिणण आवाज जाईल. शिवाय आम्लाने खाल्लेल्या पोलादात दोन छिद्रं दिसतात तेव्हा न दिसणारी आणखी चार असतात. असा वस्तरा गालावर तुकडा सोडू शकतो. मी तरी लावणार नाही.

पण नऊशे रुपये वाया गेले असं समजू नका. पाठ जवळपास न झिजलेली, घासणी चांगली, छाप स्पष्ट. हाताळून शिकायला याहून चांगलं पातं मिळणार नाही. तुमचं टोकाकडचं वळण पहिल्यापासूनचं आहे, बिघाड नाही. टोकाशी पातं दगडावरून उचलताना हात किंचित फिरतो. माझ्या सत्तावीसपैकी निम्म्यांवर आहे. पुढचा वस्तरा घ्यायला जाल तेव्हा हा खिशात, अर्थात चिंधीत गुंडाळून, घेऊन जा आणि शेजारी धरून बघा.

मूठ म्हशीच्या शिंगाची करून घ्या, किंवा सागाची. ती जुनी मूठ कुठे ठेवलीत?

डायनॅमो_शोधक

बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीच्या कडेवर. वास अजून येतोय. सकाळी आईने विचारलं, कापूर कोणी लावून ठेवलाय.

टूलरूमकाका

कोणत्या दिशेची बाल्कनी? दुपारचं ऊन येत असेल तर आत्ता उठा आणि सावलीत, उघड्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. तुळशीपासून आणि गॅसपासून लांब. उठलात का?

डायनॅमो_शोधक

पश्चिमेची. उठलो.